घरातल्या घरात चकवा: अनकॅनी शॉर्टफिल्म स्वतःच्या खोलीत कशी करायची

दादरला एका मैत्रिणीच्या घरी आम्ही सात-आठ जण महिन्यातून एकदा जमतो आणि आपापल्या छोट्या फिल्म एकमेकांना दाखवतो, बहुतेक फोनवरच काढलेल्या, पाच-सहा मिनिटांच्या. विषय बहुतेक वेळा हेच असतात, पडलेलं स्वप्न, आपल्यासारखाच दिसणारा दुसरा कुणीतरी, मी म्हणजे नक्की कोण. विषय चांगलेच आहेत. पण करताना तीच चूक परत परत होतेय म्हणून हे एकदा नीट लिहून काढतेय.

चूक अशी की पहिल्या शॉटपासून सगळंच विचित्र असतं. लाल लाईट, धूर, पांढरा मास्क, तिरका कॅमेरा आणि मागे घुंऽऽ करणारं म्युझिक. बघणाऱ्याला पाच सेकंदांत कळतं की आता काहीतरी भयंकर होणार, तो सावरून बसतो, आणि मग पुढे काहीही दाखवा, त्याला ते लागतच नाही.

आपल्याकडे गावाला चकवा लागणं म्हणतात ना, तो लक्षात घ्या. चकवा परक्या जंगलात लागत नाही, तो रोजच्या पायवाटेवर लागतो, माणूस घरीच चाललेला असतो आणि तेच आंब्याचं झाड तिसऱ्यांदा समोर येतं. ओळखीचंच काहीतरी अचानक परकं वाटायला लागणं, यालाच अनकॅनी म्हणतात. मनोविश्लेषक फ्रॉईडने १९१९ साली या भावनेवर निबंध लिहिला, त्याने वापरलेला जर्मन शब्दही घर या शब्दावरूनच आलाय. तर खाली जे काही सांगतेय ते सगळं एवढ्यासाठी: आधी घर अगदी खरं उभं करायचं, आणि मग त्यातली एकच गोष्ट हलवायची.

वेळ धरा तीन आठवडे तयारी, दीड दिवस शूट, साधारण आठवडाभर एडिट. सामान म्हणजे एक फोन, एक जड ट्रायपॉड, आवाजासाठी दुसरा फोन किंवा छोटा रेकॉर्डर, इयरफोन, रंगीत चिकटपट्टी. लाईट विकत घेऊ नका. उदाहरण म्हणून मी माझीच एक चार मिनिटांची फिल्म वापरणार आहे, गिरगावात मावशीच्या चाळीतल्या खोलीत केलेली, म्हणजे नुसतं हवेत बोलणं होणार नाही.

टप्पा १: स्वप्नांची वही, पूर्ण दोन आठवडे

उशाशी वही आणि पेन. फोनमध्ये लिहू नका, कारण फोन हातात घेतला की आधी मेसेज दिसतात आणि स्वप्न तिथेच गेलं. जाग आल्याआल्या, उठून बसायच्याही आधी, जे आठवतं ते लिहायचं, वाक्यं नीट नसली तरी चालतील. काही आठवलं नाही तर "काही नाही" लिहून तारीख टाका, पण वही रोज उघडा, चार-पाच दिवसांनी आठवायला लागतं.

लिहायचं काय, तर जागा कुठली होती, वस्तू कुठल्या होत्या, कोण काय करत होतं, आवाज काय होता. लिहायचं नाही ते म्हणजे अर्थ. "पाणी म्हणजे भीती", "जिना म्हणजे करिअर" असं काहीही वहीत येता कामा नये. एकदा अर्थ लावला की तुम्ही फिल्ममध्ये तो अर्थच शूट करता आणि बघणाऱ्याला कोडं सोडवल्यासारखं होतं, सुटलं की संपलं.

दोन आठवड्यांनी वही वाचताना ज्या वस्तू दोनदा-तीनदा आल्यात त्यांच्याखाली रेघ मारा. माझ्या वहीत परात आली होती, आणि दुसऱ्या खोलीतून येणारी हाक. दोन्ही गोष्टी घरात फुकट मिळतात. तुमच्या वहीत विमान कोसळत असेल तर ते सोडा, त्याच पानावर त्याच स्वप्नात कुठेतरी चप्पल नाहीतर रुमाल असेल, तो घ्या.

*तपासा: निवडलेली वस्तू तुमच्या घरात आत्ता, या क्षणी आहे का? नसेल तर दुसरी निवडा.*

टप्पा २: काय बिघडणार ते एका वाक्यात लिहा

इथे लोक घाई करतात आणि पूर्ण फिल्म इथेच घसरते. एक वाक्य लिहायचं आणि त्यात "पण" एकदाच यायला हवा. माझं वाक्य होतं: मावशी दुपारी खोलीत एकटी आहे, पण स्वयंपाकघरातून तिला कुणीतरी तिच्या माहेरच्या नावाने हाक मारतं.

हे वाक्य सुचलं कसं ते सांगते, कारण ओळख या विषयावर फिल्म करायची म्हटली की लोक लगेच मास्क आणि आरसे शोधायला लागतात. आपल्या घरांमध्ये त्याहून मोठं काहीतरी आयतं पडलेलं आहे. लग्नात नवऱ्या मुलीचं नाव बदलायचं, ताटात तांदूळ पसरून त्यात अंगठीने नवं नाव लिहायचं, आणि मग आधीचं नाव आयुष्यभर फक्त माहेरच्या माणसांच्या तोंडी उरतं, ती माणसं गेली की तेही जातं. मावशीला मी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "अगं, आई गेल्यापासून त्या नावाने मला कुणी हाकच मारली नाही." बस, फिल्म तिथे होती. तुमच्याही घरात असं काहीतरी असणार. दारावरच्या पाटीवर अजून असलेलं नाव, जुळ्या भावाचे एकसारखे शर्ट, गेलेल्या माणसाचा अजून चालू असलेला मोबाईल नंबर.

वाक्यात दोन "पण" आले तर एक काढा. हाकही येते आणि घड्याळही उलटं फिरतं आणि भिंतीवरचा फोटोही बदलतो असं केलं की बघणाऱ्याला नियम कळत नाही, आणि नियम कळला नाही तर तो मोडल्याचंही कळत नाही.

*सावध: गोळ्यांचं पाकीट, डॉक्टरची फाईल, हॉस्पिटलचा बेड दाखवून "तिला मानसिक आजार होता" असं स्पष्टीकरण ठेवू नका. आजार असलेल्या माणसांवर तो अन्याय आहे, आणि फिल्मही तिथेच मिटते.*

टप्पा ३: खोलीत एक अख्खा दिवस बसा

कॅमेरा न लावता. सकाळी सहाला जा, संध्याकाळी सातला निघा, मध्ये दर अर्ध्या तासाने दोन गोष्टी लिहा, ऊन कुठल्या लादीवर आहे आणि काय ऐकू येतंय. मुंबईत हे केल्याशिवाय शूटची वेळ ठरवताच येत नाही. पाण्याची वेळ कधी, पंप किती मिनिटं चालतो, शेजारचा कुकर, भंगारवाला, समोरच्या शाळेची सुट्टी, आणि रेल्वेलाईन जवळ असेल तर लोकलचा आवाज जो दिवसभर जवळजवळ थांबतच नाही. मावशीच्या खोलीत दुपारी दोन ते पावणेचार हा शांत पट्टा निघाला, सगळी चाळ झोपलेली. ऊन त्या वेळी खिडकीबाहेर होतं, आत फक्त परतलेला उजेड, जो हळू बदलतो, आपल्याला हवा तसा.

पावसाळ्यात करणार असाल तर ढगांमुळे उजेड मिनिटामिनिटाला बदलतो हे गृहीत धरा, आणि डबल रोलचा शॉट (टप्पा ५) पडदे ओढून ट्यूबलाईटवरच घ्या. गणपती-नवरात्रात आवाजाचा नाद सोडा.

या दिवशी खोलीचा नकाशाही काढा. दार कुठे, कपाटाची कड कुठे, खोलीतून स्वयंपाकघर दिसतं का. याचा उपयोग पुढे कळेल.

टप्पा ४: कॅमेऱ्याचं सगळं ऑटो बंद

फोनचा साधा कॅमेरा स्वतःच्या मनाने उजेड, रंग, फोकस बदलत राहतो आणि आपल्या कामात हेच नको असतं. मॅन्युअल सेटिंग देणारं ॲप घ्या, ब्लॅकमॅजिक कॅमेरा फुकट आहे, अँड्रॉइडवर ओपन कॅमेराही चालतो. मग या क्रमाने:

१. फोन एअरप्लेन मोडवर. चालू शॉटमध्ये फोन आला की टेक गेला.

२. सेकंदाला २५ फ्रेम, शटर १/५० सेकंद. फोन मुळात ३० वर असतो, तो तसाच ठेवून शटर १/६० झालं की ट्यूबलाईटखाली फ्रेममध्ये काळसर पट्टे सरकताना दिसतात, कारण आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे ट्यूब सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होते, आणि शटरने त्या हिशोबात बसायला लागतं. बहुतेक फोनचं अपर्चर (लेन्समधून उजेड आत येण्याचं भोक) बदलता येत नाही, त्यामुळे खिडकीजवळ १/५० ला फ्रेम पांढरी पडते, मग आयएसओ (कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील हे ठरवणारा आकडा) सगळ्यात खाली न्या, तरीही जास्त वाटलं तर सरळ १/१०० करा. १/८० किंवा १/१२५ नको.

३. व्हाइट बॅलन्स (चित्र पिवळट की निळसर हे ठरवणारं सेटिंग) एका आकड्यावर लॉक. फोकस लॉक. एक्स्पोजर लॉक.

४. ट्रायपॉडवर असताना स्टॅबिलायझेशन बंद, नाहीतर फ्रेम कडांना हलकेच तरंगते.

५. लेन्स १ एक्स. ०.५ ची वाइड लेन्स चेहरे ताणते आणि पहिल्याच शॉटमध्ये ओरडून सांगते की इथे काहीतरी गडबड आहे.

कॅमेरा छातीच्या उंचीवर, सरळ, तिरका अजिबात नाही. आता आधी घराचे साधे शॉट घ्या, निदान दहा. मावशी परातीत तांदूळ निवडतेय, पाणी पितेय, दार लोटतेय, पंखा, खिडकी. प्रत्येक किमान वीस सेकंद. लोक हे शॉट घेतच नाहीत, म्हणतात कंटाळवाणे आहेत, आणि मग एडिटला बसल्यावर घर उभंच राहत नाही.

*तपासा: या दहा शॉटमध्ये खोलीत दारं किती आणि कुठे हे बघणाऱ्याला सांगता येईल का? नसेल तर अजून दोन वाइड शॉट घ्या.*

टप्पा ५: एकाच फ्रेममध्ये एकच माणूस दोनदा

सगळ्यात जास्त प्रश्न यावरच येतात. माया डेरेन आणि अलेक्झांडर हामिद या फिल्म करणाऱ्या जोडप्याने १९४३ साली लॉस एंजेलिसमधल्या स्वतःच्या घरात, १६ मिलिमीटर फिल्मवर, एकाच टेबलाशी तीच बाई तीनदा बसवली होती. आपल्याला फोनवर हे त्यांच्यापेक्षा कितीतरी सोपं आहे, फक्त क्रम चुकवायचा नाही.

पहिलं, सांधा ठरवा. फ्रेमचे दोन भाग जिथे जोडले जाणार ती उभी रेघ कपाटाच्या कडेवर, दाराच्या चौकटीवर अशी ठेवा, मोकळ्या भिंतीवर नको. जमिनीवर त्या रेघेत चिकटपट्टी लावून बघा, मग फ्रेमबाहेरच्या भागात फक्त खूण ठेवून बाकी काढून टाका. ही रेघ कुणी ओलांडायची नाही, हात नाही, पदर नाही, आणि सावलीसुद्धा नाही. सावली सगळे विसरतात. माणूस उजवीकडे असतो पण त्याची सावली डावीकडे गेलेली असते आणि जोडल्यावर ती मधोमध कापलेली दिसते.

दुसरं, खोली स्थिर करा. पंखा बंद, पडदा बांधलेला, कॅलेंडर फडफडत असेल तर खाली टेप. सांध्यापाशी हलणारं काहीही नको.

तिसरं, रेकॉर्डिंग एकदा सुरू केलं की मध्ये बंद करायचं नाही. बटण दाबायला हात लावला की फोन केसभर सरकतो आणि तेवढं पुरतं. सलग चालू द्या: आधी रिकामी खोली तीस सेकंद, मग पहिली मावशी, मग दुसरी मावशी, शेवटी परत रिकामी खोली. फोनमध्ये जागा किती उरलीय ते आधी बघा.

चौथं, आधी तिचा टेक घ्या जी काहीतरी सुरू करते, म्हणजे बोलते किंवा आवाज करते. त्याचा आवाज दुसऱ्या फोनवर रेकॉर्ड करा. मग दुसऱ्या टेकला तोच आवाज एका कानातल्या इयरफोनमधून तिला ऐकवा, कान कॅमेऱ्याच्या विरुद्ध बाजूला असू दे. वेळ आपोआप जुळते.

पाचवं, नजर. जिथे दुसरी असणार आहे तिथे तिच्या डोळ्यांच्या उंचीवर स्टँडला टिकली लावा आणि पहिलीला त्या टिकलीकडे बघायला सांगा, नाहीतर दोघी एकमेकींच्या खांद्यापलीकडे बघत राहतात.

दोन्ही टेकमधलं अंतर पाच-सात मिनिटांच्या वर जाऊ देऊ नका. हे मी अख्खा दिवस घालवून शिकले. पहिल्या वेळी आम्ही सकाळी शूट केलं, पहिला टेक झाला, मग चहा झाला, केस परत विंचरले, अर्धा तास गेला आणि लादीवरचं ऊन दीड लादी पुढे सरकलं होतं. खोलीत उभं राहून कुणाच्याच लक्षात आलं नाही. घरी येऊन दोन्ही भाग जोडले तर सांध्यावर ऊन कापल्यासारखं तुटलेलं. सगळं परत, या वेळी दुपारी दोनला.

आता यातली माझी ठाम सूचना. दोघींना एकमेकींकडे टक लावून बघायला लावू नका. सगळे तेच करतात आणि त्यात जुळ्या बहिणी समोरासमोर आल्यासारखं वाटतं. त्याऐवजी एकीला दुसरीची दखलच घेऊ देऊ नका. आमच्या शॉटमध्ये बाहेरची मावशी दाराशी उभी आहे आणि आत दुसरी खाली मान घालून तांदूळ निवडतेय, तिला हिचा पत्ताच नाही, तिचं काम चाललंय, जसं काही खरी तीच आहे. आणि कपडे, केस, टिकली सगळं तंतोतंत तेच. एकीला काळी साडी एकीला पांढरी असं करू नका, मग ती दोन माणसं होतात.

*तपासा: शूटच्या जागीच फोनवर पहिला आणि दुसरा टेक पुढेमागे करून बघा. कपाटाची कड तसूभरही उडी मारत असेल तर आत्ताच परत घ्या, एडिटमध्ये बघू म्हणू नका.*

टप्पा ६: चाल, वेग आणि उलटं

खालच्या सगळ्या युक्त्या एकाच फिल्ममध्ये वापरायच्या नाहीत. एक निवडा.

पावलांचा कट असा: एक पाऊल स्वयंपाकघराच्या लादीवर, पुढचं चाळीच्या लाकडी जिन्यावर, पुढचं गच्चीवर, पुढचं चौपाटीच्या वाळूत. हे जमण्यासाठी चार गोष्टी जुळाव्या लागतात: पाय आळीपाळीने उजवा-डावा, चालण्याची दिशा एकच (डावीकडून उजवीकडे ठरलं तर शेवटपर्यंत तीच), पायाचा फ्रेममधला आकार एकच, कॅमेऱ्याची उंची एकच. कट टाच टेकते त्या क्षणी मारा. चौपाटीवर दोघंच जा आणि फोन हातात ठेवा, ट्रायपॉड, रिफ्लेक्टर आणि पाच माणसं असं लटांबर नेलं की परवानगी विचारली जाते. रेल्वे स्टेशनवर शूट करायला रेल्वेची रीतसर परवानगी लागते, ती जागा या फिल्ममधून वगळाच.

उलटी चाल म्हणजे माणसाने उलटं करायचं आणि क्लिप उलटी लावायची, मग ते सुलट दिसतं पण अंगाचं वजन चुकीच्या जागी पडतंय असं वाटत राहतं. फ्रेंच दिग्दर्शक ज्याँ कॉक्तोने १९५० साली हातमोजे असेच हातावर चढवून दाखवले होते, म्हणजे शूट करताना ते काढले होते. धूर, ज्योत, ठिबकणारं पाणी फ्रेममध्ये असेल तर युक्ती लगेच उघडी पडते. परातीतले तांदूळ मात्र फार सुंदर उलटे जातात, खालून वर मुठीत.

वेगाचं सगळ्यात सोपं आणि माझ्या मते सगळ्यात चांगलं: ३० फ्रेमने शूट करा, शटर १/१०० ठेवा, आणि २५ च्या टाइमलाईनवर फ्रेमला फ्रेम लावा. वेग साधारण ८३ टक्के होतो. कुणालाही स्लो मोशन आहे असं वाटत नाही पण माणूस पाण्यात असल्यासारखा थोडा जड हलतो. केस मोकळे नसतील आणि कुणी बोलत नसेल तरच करा.

धक्के देत हलणारं माणूस हवं असेल तर एकेक फोटो काढत जायचं, प्रमोद पतींनी फिल्म्स डिव्हिजनसाठी केलेल्या 'अबिद' मध्ये (१९७२) चित्रकार आबिद सुरती असेच हलतात. प्रत्येक फोटो दोन फ्रेम धरला तर दहा सेकंदांना १२५ फोटो लागतात. कंबर मोडते, पण मजा येते.

टप्पा ७: आवाज, इथे सगळ्यात जास्त वेळ द्या

आमच्या ग्रुपमधल्या दहातल्या नऊ फिल्मना आवाज म्हणजे शेवटी लावायचं म्युझिक वाटतं. तसं नाही. चित्र साधं ठेवायचं ठरवलंय तर चकवा मुख्यतः कानातून लागणार.

शूटच्या दिवशीच खोलीचा नुसता आवाज दोन मिनिटं रेकॉर्ड करा, कुणी न हलता, न बोलता. फ्रिज बंद करावा लागतो, तो परत चालू करायचं विसरू नये म्हणून घराची किल्ली फ्रिजमध्ये ठेवा, निघताना आठवेलच. मग सुटे सुटे आवाज घ्या, फोन वस्तूच्या जवळ नेऊन: परातीत तांदूळ, बांगड्या, दाराची कडी, चपला, दूरचा कुकर, कावळे, आणि बिल्डिंगला लिफ्ट असेल तर ती दरवाजा बंद करा म्हणून विनवणारी लिफ्टमधली बाई, तिच्याइतका विचित्र आवाज पैसे देऊन मिळणार नाही.

एडिटमध्ये आधी सगळे आवाज नीट, खरे बसवा. अगदी कंटाळा येईल इतकं खरं. मग त्यातून एक काढा. पंखा फिरताना दिसतोय, पण त्याचा आवाज गेला. किंवा पावलं चालतात आणि आवाज चार फ्रेम उशिरा येतो, २५ फ्रेमच्या हिशोबाने ०.१६ सेकंद. एवढंच. बोलणाऱ्या ओठांवर हे करू नका, तिथे ती टेक्निकल चूकच वाटते.

आता हाक. आधी आम्ही दुसऱ्या बाईच्या आवाजात केली होती, बरी वाटली पण आत गेली नाही. मग मावशीच्याच आवाजात केली. स्वतःचा रेकॉर्ड केलेला आवाज प्रत्येकाला परका वाटतो, कारण बोलताना आपल्याला हाडांमधूनही ऐकू येत असतं आणि रेकॉर्डमध्ये तो भाग नसतो. शूट करताना तीच हाक तिला इयरफोनवर ऐकवली, तिला आधी सांगून, आणि तिने जी मान वळवली ती कुठल्याही रिहर्सलमध्ये आली नव्हती.

हाक रेकॉर्ड करताना फोन खोलीत आणि माणूस खरंच स्वयंपाकघरात उभा हवा. फोनजवळ बोलून नंतर ॲपमध्ये इको लावलेली हाक लगेच कळते.

किती वेळा? आपल्याकडे घरोघरी सांगतात, रात्री कुणी हाक मारली तर तीन हाका झाल्याशिवाय ओ द्यायची नाही. म्हणून मी दोनच ठेवल्या. मराठी माणूस तिसरीची वाट बघत बसतो, त्याला कळतही नाही आपण मोजतोय ते.

*सावध: आवाज कुठेही पूर्ण शून्य करू नका. बघणारा स्पीकरची वायर तपासतो. खोलीचा तो दोन मिनिटांचा आवाज सगळीकडे खाली अंथरलेला असू दे.*

*सावध: नट-नटीला न सांगता दचकवणं, रात्रभर जागवणं, खरोखर घाबरवणं असले प्रकार करू नका. मावशीशी आम्ही ठरवलं होतं, तिने परात बाजूला ठेवली की शूट थांबणार, कारण न विचारता. एकदा ठेवली, आम्ही थांबलो, तासाभराने तिनेच परत घेतली.*

टप्पा ८: एडिट

डाव्हिंची रिझॉल्व्हचं फुकट व्हर्जन पुरतं, फोनवर करणार असाल तर दोन थर आणि मास्क असलेलं कुठलंही ॲप. डबलच्या शॉटसाठी पहिला टेक खाली, दुसरा वर, वरचा सांध्यापर्यंत क्रॉप करून कड अगदी किंचित मऊ. जास्त मऊ केली तर माणूस पारदर्शक होतो.

चार मिनिटांच्या फिल्ममध्ये पहिला जवळजवळ एक मिनिट काहीही बिघडता कामा नये. हा मिनिट सगळे कापतात, "लोक स्क्रोल करतील" म्हणून. कापू नका. मग बिघडलेली गोष्ट एकदा, थोडक्यात, जणू चुकून. मग परत साधं घर. मग दुसऱ्यांदा, तीच फ्रेम, तोच कोन, फक्त एक फरक. चकव्यात तेच झाड परत दिसतं म्हणून माणूस घाबरतो, नवीन झाड दिसलं असतं तर चालत राहिला असता, तेव्हा कोन बदलू नका.

शेवटी ती झोपेतून दचकून उठते असं करू नका. शेवटी कोट टाकू नका. हाक कुणाची होती हे तुम्हाला स्वतःला माहीत असलं तरी सांगू नका.

म्युझिक लावलंच तर फिल्म पूर्ण झाल्यावर लावून बघा, आणि काढूनही बघा.

टप्पा ९: आधी तीन माणसांना दाखवा

टीव्हीवर दाखवणार असाल तर त्याच्या सेटिंगमधलं मोशन स्मूद करणारं जे काही असेल ते बंद करा, नाहीतर आपला ८३ टक्क्यांचा सगळा खेळ सीरियलसारखा गुळगुळीत होतो. टीव्हीच्या स्पीकरऐवजी बाहेरचा स्पीकर. दिवे बंद. आधी काहीही सांगू नका, विषयही नाही.

नंतर "आवडली का" विचारू नका, "कळली का" तर मुळीच नाही. विचारायचं ते असं: खोलीत दारं किती होती? सगळ्यात जास्त कुठल्या वस्तूकडे बघितलंस? हाक किती वेळा आली? आणि दुसऱ्या दिवशी फोन करून परत विचारा, काय आठवतंय.

उत्तरांवरून दुरुस्ती ठरते. "भूत होतं ना?" असं आलं तर खुणा जास्त झाल्यात, एक-दोन काढा. "काहीच कळलं नाही" आलं तर बहुतेक वेळा अर्थ नाही, जागा कळलेली नसते, चौथ्या टप्प्यातले साधे शॉट अजून दोन घाला. "टेक्निकली मस्त, डबल रोल कसा केला?" आलं तर सांधा दिसतोय किंवा शॉट जास्त लांबलाय, तो कापा. हे झाल्यावरच प्रभात चित्र मंडळासारख्या फिल्म सोसायटीच्या लोकांना दाखवायचं, मिफला (मुंबई आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाला) पाठवायचं वगैरे ठरवा. पाठवणार असाल तर सिनेमाचं गाणं, अगदी मागे रेडिओवर लागलेलंसुद्धा, फिल्ममध्ये राहिलेलं नाही ना ते एकदा कान देऊन ऐका.

माझ्या तीन माणसांत चाळीतल्या शेजारच्या काकू होत्या. फिल्म संपल्यावर गप्प होत्या, म्हणाल्या छान आहे. दुसऱ्या दिवशी मी फोन केला तर त्यांनीच आधी विचारलं, "काय गं, ती आत बसलेली, ती शेवटपर्यंत उठली नाही का?" मी त्या शॉटच्या शेवटी तिला उठवलं होतं. ती सहा सेकंदं त्याच संध्याकाळी कापली.